वार्ता मुळातून यावी : फीड आणि पॉडकास्ट यांचा वैद्यास उपयोग

२०२१ च्या जुलै महिन्यात हरसूल येथील आमच्या चिकित्सालयात पन्नाशीचे एक गृहस्थ आले. भूक मंदावलेली, मूत्र गडद पिवळे, नेत्रांवर किंचित पिवळी छटा. मद्यपानाचा इतिहास नाही. कोविडच्या साथीपासून घरात रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेण्याचा परिपाठ पडला होता आणि तो अखंड चालू होता. वेल बांधावरच्या झाडावरील, काढा घरीच केलेला. कामलेत गुडूची हे शास्त्रोक्त औषध. तेव्हा काढा बंद करावा हा विचार आमच्या मनास शिवलाही नाही. उलट तो चालू ठेवण्यास सांगून आम्ही जोडीस अन्य औषधे दिली व पथ्य समजावले.

त्याच आठवड्यात आमच्या भ्रमणध्वनीवर व्हॉट्सॲपद्वारे दोन संदेश आले. पहिल्यात ‘गुळवेल विषारी ठरली, शासनाने बंदी घातली’ असे होते. दुसऱ्यात हा सर्व आयुर्वेदाविरुद्धचा कट असल्याचे ठासून सांगितले होते. दोहोंतही मूळ लेखाचे नाव नव्हते, दिनांक नव्हता, लिहिणाराही कळत नव्हता. पहिला संदेश आम्ही हसण्यावारी नेला. दुसरा, सांगण्यास संकोच वाटतो, पाच-सहा व्यवसायबंधूंना पुढे पाठविला.

वस्तुस्थिती दोन्ही संदेशांहून निराळी होती. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी ‘जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्सपेरिमेंटल हिपॅटॉलॉजी’ या नियतकालिकात सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला होता. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळातील ते रुग्ण गुळवेल घेत होते व त्यांना यकृताचा विकार जडला होता. ७ जुलै २०२१ रोजी आयुष मंत्रालयाने त्यावर निवेदन काढून अभ्यासातील उणिवा दाखविल्या. त्यांतील प्रमुख आक्षेप असा की रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती याची निश्चिती झालेली नाही. बंदी कोणी घातलेली नव्हती.

मूळ लेख व निवेदन आमच्या वाचनात आले ते सुमारे तीन आठवड्यांनी, नाशिक येथे एका स्नेह्याकडे गेलो असता. परत येताच त्या गृहस्थांना बोलावून काढा थांबविला, यकृताच्या तपासण्या करविल्या आणि त्यांना नाशिकला तज्ज्ञाकडे धाडले. पुढील काही आठवड्यांत ते बरे झाले. काढ्यानेच पीडा झाली असे आम्ही म्हणत नाही. एका रुग्णावरून तसे म्हणता येत नाही, आणि ज्या तपासण्या प्रथमदिनी करावयास हव्या होत्या त्या आम्ही केल्याच नव्हत्या. परंतु प्रश्न उपस्थित झाला आहे एवढे जरी आम्हांस वेळीच ठाऊक असते, तरी निदान तो काढा चार दिवस थांबवून पाहिला असता.

या प्रसंगानंतर आम्ही वार्ता मिळविण्याची आपली रीत बदलली. ती रीत कोणती, हे व्यवसायबंधूंपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

फीड म्हणजे काय

संकेतस्थळावर नवा मजकूर आला की त्याचे शीर्षक, दिनांक, दोन-चार ओळींचा सारांश आणि मूळ पानाचा दुवा एका ठरावीक साच्यात लिहिलेली लहानशी फाइल ते संकेतस्थळ आपोआप तयार करते. हीच फीड. साच्याचे रूढ नाव ‘आरएसएस’. ‘ॲटम’ नावाचा दुसरा साचा त्याच जातीचा. आपल्या संगणकावर वा भ्रमणध्वनीवर ‘फीड रीडर’ नावाचे ॲप घ्यावयाचे व त्यात हव्या त्या फीडचा पत्ता एकदा नोंदवावयाचा. पुढे ते ॲप ठरावीक वेळाने त्या फाइलींत डोकावते आणि नवे काही असेल तर आपल्यापुढे मांडते.

आपल्या या त्रैमासिकाची वर्गणी भरली की अंक घरी येतो, तसेच हे आहे. फरक इतकाच की येथे वर्गणी नाही आणि मूळ प्रकाशकाकडे आपले नाव, पत्ता वा दूरध्वनी क्रमांक द्यावा लागत नाही. नको झाले की पत्ता खोडला, संपले. दुसरा फरक आमच्या मते अधिक मोलाचा. व्हॉट्सॲप वा फेसबुकवर आपल्यापुढे काय यावे हे पाठविणारा अथवा ती कंपनी ठरविते. फीड रीडरमध्ये कोणाचे ऐकावयाचे हे आपण ठरवितो, आणि मजकूर मधल्या कोणाचा हात न लागता मूळ ठिकाणाहून येतो.

चरकाचार्यांनी सत्य जाणण्याची जी चार साधने सांगितली त्यांत आप्तोपदेश येतो. आणि आप्त कोणास म्हणावे याचीही कसोटी ते लावतात. संदेश पुढे ढकलणारा स्नेही आपला आप्त असेल तो नात्याने. शास्त्रार्थाने आप्त कोण, हे पाहण्याचे काम फीडची यादी करताना आपोआपच होते, कारण प्रत्येक पत्ता लिहिताना ‘याचे का ऐकावे?’ हा प्रश्न स्वतःस विचारावा लागतो.

साच्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. नेटस्केप कंपनीने १९९९ मध्ये आरएसएसचे पहिले रूप काढले. पुढे डेव्ह वायनर या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने ते वाढविले, आणि डिसेंबर २००० मधील आवृत्तीत फीडमधील नोंदीस ध्वनीची फाइल जोडण्याची सोय झाली. पत्रासोबत पार्सल यावे तशी. याच सोयीतून पुढे पॉडकास्ट जन्मास आले. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ च्या फेब्रुवारीत बेन हॅमर्स्ली यांनी ‘गार्डियन’ पत्रातील लेखात प्रथम वापरला. आयपॉड हे ध्वनियंत्र आणि ब्रॉडकास्ट म्हणजे प्रसारण यांचा तो संधी. २००५ च्या जूनमध्ये ॲपल कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्ट समाविष्ट केले आणि ते घरोघरी गेले.

गूगल कंपनीचा ‘गूगल रीडर’ २००५ मध्ये आला, लोकप्रिय झाला आणि १ जुलै २०१३ रोजी बंद झाला. तेव्हा पुष्कळांनी फीडचे श्राद्ध उरकून घेतले. परंतु बंद झाले ते एक दुकान होते. मालाचा पुरवठा चालूच राहिला. आज फीडली, इनोरीडर यांसारखे रीडर आहेत. थंडरबर्ड या ई-पत्रांच्या विनामूल्य प्रणालीतही फीड वाचता येते.

वैद्याने काय नोंदवावे

सर्वप्रथम पबमेड. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही वैद्यकीय लेखांची सूची १९९७ पासून सर्वांस विनामूल्य खुली आहे. येथे केवळ एखाद्या नियतकालिकाची नव्हे, तर आपण केलेल्या शोधाचीच फीड मिळते. शोधपेटीत रोमन लिपीत ‘टिनोस्पोरा’ लिहून शोध करावा. पेटीच्या खाली ‘क्रिएट आरएसएस’ असा पर्याय दिसतो. तो दाबून किती नोंदी हव्यात ते निवडावे आणि मिळालेला पत्ता रीडरमध्ये नोंदवावा. खाते उघडण्याची आवश्यकता नाही. यापुढे गुळवेलीवरील जो लेख त्या सूचीत येईल, त्याची वार्ता आपल्या दारी येईल.

शोध कोणत्या नावाने करावा यास महत्त्व आहे. केवळ ‘गुडूची’ लिहिल्यास फार थोडे सापडते. वनस्पतिशास्त्रीय नाव घ्यावे आणि त्यासोबत ‘गिलोय’सारखे हिंदी बाजारनामही द्यावे, कारण पाश्चात्त्य वैद्यकाचे लेखक तेच वापरतात. आम्ही आमच्याकडे नित्य वापरात असलेल्या आठ द्रव्यांची नावे घेतली आहेत. अश्वगंधा, गुग्गुळ, हळद ही त्यांतील काही. या फीडमुळेच २०२२ मध्ये ‘हिपॅटॉलॉजी कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात आलेला पुढचा लेख आम्हांस वेळेवर दिसला. त्यात देशातील १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची नोंद होती. तो लेख आम्हांस रुचला असे नव्हे. परंतु प्रतिवाद करावयाचा तर आधी मूळ वाचलेले असावे लागते.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. पबमेडमध्ये नोंद झाली म्हणजे सिद्धांत झाला असे नाही. एका रुग्णाचा वृत्तांत, उंदरांवरील प्रयोग आणि मोठी चिकित्सा-चाचणी ही तिन्ही तेथे एकाच पंक्तीत बसतात. रुग्णाने काय घेतले, किती मात्रेत, किती दिवस, आणि वनस्पतीची ओळख कोणी पटविली, हे चार प्रश्न विचारल्यावाचून सारांशावरून मत बनवू नये. गुळवेलीच्या वादात तर शेवटचा प्रश्नच कळीचा होता. आयुष मंत्रालयाने नंतर सूचना काढून टिनोस्पोरा क्रिस्पा ही सदृश वेल गुडूची समजून घेऊ नये असे बजावले. तिच्या खोडावर बारीक गाठी दाटीने असतात ही तिची एक खूण. हरसूल, पेठ, जव्हार या पट्ट्यात गुळवेल रानातून येते, आणणारे आदिवासी बांधव असतात, आणि वनस्पतींचे नाव व रूप रानात वावरणारे लोक जाणतात हे चरकसंहितेतही मान्य केले आहे. शंका येते ती वेल एका हातातून दुसऱ्या हातात जाऊन तिचे तुकडे व चूर्ण झाल्यावर. औषधी दुकानदार बंधूंनी तुकडे विकत घेताना निदान जून खोड पाहून घ्यावे.

दुसरे, शासकीय वार्ता. पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर प्रसिद्धिपत्रकांची फीड उपलब्ध असून आयुष मंत्रालयाची निवेदनेही तेथे येतात. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन बाजारातून परत मागविलेल्या मालाची फीड देते. तीत आपला काय संबंध, असे वाटेल. २००४ च्या डिसेंबरात ‘जामा’ या नियतकालिकात बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास आला. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळला. तेथून जी चक्रे फिरली, त्यांतून निर्यात होणाऱ्या वनौषधींच्या जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून आपल्याकडे सक्तीची झाली. बोस्टनची वार्ता वर्षभरात आपल्या कारखानदारांच्या दारी आली होती.

औषधी दुकानदारांसाठी याहून निकटचे उदाहरण आहे ते नियम १७० चे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत डिसेंबर २०१८ मध्ये हा नियम घातला गेला. आयुर्वेदीय औषधाची जाहिरात करण्यापूर्वी उत्पादकाने राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून मान्यता व क्रमांक घ्यावा असा त्याचा आशय. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रालयाने या नियमाखाली कारवाई करू नये असे राज्यांना कळविले. १ जुलै २०२४ रोजी नियम वगळणारी अधिसूचना निघाली. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्यासच स्थगिती दिली, म्हणजे नियम पुन्हा जिवंत झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण निकालात निघाले आणि ती स्थगितीही संपली.

आमच्या परिचयाच्या एका दुकानदाराने या काळात एका औषधाचा मोठा फलक दुकानावर लावला, उतरविला, पुन्हा लावला आणि पुन्हा उतरविला. प्रत्येक वेळी त्यास कोणीतरी ‘आता कायदा बदलला’ असे सांगितले होते, आणि गंमत अशी की प्रत्येक सांगणारा त्या त्या दिवसापुरता खराच होता, फक्त दोन-तीन महिने उशिरा! बरे, नियम १७० गेला तरी १९५४ चा जादूटोणा उपाय व आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा जागेवरच आहे, आणि त्या फलकावरील मधुमेहाचा दावा त्याच्या कक्षेत येत होता. हे मात्र त्यास कोणीच सांगितले नव्हते.

ज्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर फीड आढळत नाही, तेथे आठवड्यातून एकदा स्वतः जाऊन पाहण्यास पर्याय नाही. आम्ही त्यासाठी रविवारची दुपार ठेवली आहे.

ऐकण्याविषयी

हरसूल हे त्र्यंबकेश्वर तालुक्यातील मोठ्या बाजाराचे गाव. भोवती पाडे विखुरलेले. गावात रेंज मिळते, पाड्यांवर ती मिळेलच असे नाही. पावसाळ्यात तर वीज आणि रेंज जोडीने रजेवर जातात. अशा ठिकाणी पॉडकास्टचा जो गुण शहरातील मंडळींच्या ध्यानी येत नाही तो आम्हांस फार उपयोगी पडतो. कार्यक्रम आधी उतरवून ठेवता येतो आणि मग रेंज नसतानाही ऐकता येतो.

हिशेब सोपा आहे. ६४ केबीपीएस दराने ध्वनिमुद्रित केलेला एक तासाचा कार्यक्रम सुमारे २९ एमबी जागा घेतो. बोलण्याच्या कार्यक्रमास हा दर पुरेसा होतो. चित्रफितीस याच्या कित्येक पट लागते. ॲपमध्ये ‘केवळ वाय-फायवर उतरवा’ अशी आज्ञा देऊन ठेवली की नाशिकला गेलो असता आठवड्याचे कार्यक्रम आपोआप येऊन पडतात आणि परतीच्या एसटीत ऐकता येतात. आम्ही अँटेनापॉड हे विनामूल्य ॲप वापरतो. त्यात जाहिराती नाहीत आणि खातेही लागत नाही. दुचाकीवर कानात यंत्र घालून मात्र कोणी ऐकू नये; घाटातील वळणांवर कान मोकळेच हवेत.

जागतिक आरोग्य संघटनेचा ‘सायन्स इन फाइव्ह’ हा इंग्रजी कार्यक्रम २०२० मध्ये सुरू झाला. नावाप्रमाणे अवघ्या पाचेक मिनिटांचा, एका विषयावर एक तज्ज्ञ. ‘जामा’सारखी मोठी वैद्यकीय नियतकालिकेही आपल्या लेखांवरील चर्चा ध्वनिरूपात देतात. मराठीत बीबीसी मराठीचा ‘गोष्ट दुनियेची’ ऐकण्याजोगा आहे. त्यात अधूनमधून आरोग्याचे विषयही येतात. आयुर्वेदाच्या नावाने चालणारे पॉडकास्ट ढिगाने आहेत. त्यांपैकी बरेच आम्ही ऐकले व सोडले. तासभर दिनचर्येवर बोलून अखेरीस स्वतःचे चूर्ण विकावयाचे, हा प्रकार आमच्या कानांस मानवला नाही. ज्यात ग्रंथाधार स्थानासह सांगितला जातो, मात्रा व अनुपान स्पष्ट असते आणि ‘येथे आम्हांस अपयश आले’ असे सांगणारा एखादा तरी रुग्ण येतो, तो कार्यक्रम ठेवावा, अशी आमची साधी कसोटी आहे.

तद्विद्यसंभाषेची थोरवी आपण सर्व जाणतो. पण हरसूलहून नाशिक वा पुण्याच्या परिसंवादास जावयाचे म्हणजे एक-दोन दिवस चिकित्सालय बंद. आपल्या संघटनेच्या सभांत ज्येष्ठ वैद्य जे बोलतात ते टिपले जात नाही, आणि टिपलेच तर अंकात चार ओळींत येते. ते ध्वनिमुद्रित करून फीडद्वारे दिले तर खर्च फारसा नाही. चांगला भ्रमणध्वनी, शांत खोली आणि फाइल ठेवण्यास थोडी जागा एवढ्यावर भागते. रुग्णाचे नाव-गाव ध्वनिमुद्रणात येऊ न देणे आणि बोलणाऱ्यांची लेखी संमती घेणे या दोन गोष्टी मात्र आरंभापासून पाळाव्या लागतील. पुढील वार्षिक सभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत. विरोध कोण करणार हेही साधारण ठाऊक आहे.

अखेर व्यवहाराच्या दोन गोष्टी. फीड फार जोडू नयेत. आरंभीच्या उत्साहात आम्ही साठ जोडल्या. पंधरा दिवसांत न वाचलेल्या नोंदींचा आकडा हजारावर गेला आणि ॲप उघडण्याचेच भय वाटू लागले. आता चौदा आहेत. सकाळी रुग्ण येण्यापूर्वी दहा मिनिटांत शीर्षके पाहून होतात. त्यांतील एखादेच उघडावे लागते.

दुसरी गोष्ट यादीच्या प्रतीची. गूगल पॉडकास्ट ही सेवा २०१८ मध्ये आली आणि २०२४ मध्ये बंद झाली. ज्यांनी आपली यादी बाहेर काढून घेतली ते दुसऱ्या ॲपमध्ये सुखाने गेले. रीडर व पॉडकास्ट ॲप यांत बहुधा ‘एक्स्पोर्ट’ नावाचा पर्याय असतो. त्यातून ‘ओपीएमएल’ नावाची लहान फाइल मिळते आणि ती नव्या ॲपला दिली की सर्व पत्ते जसेच्या तसे तेथे उमटतात. आम्ही दर तिमाहीस ती काढून पेनड्राइव्हवर घेतो. पेनड्राइव्ह चिकित्सालयातील मेजाच्या खणात, पावतीपुस्तकाच्या खाली असतो. ज्या बंधूंस आमची चौदा पत्त्यांची यादी हवी असेल त्यांनी येताना आपला भ्रमणध्वनी आणावा, दोन मिनिटांत देऊ.